जुन्या गाडीचं इंजिन डायनोवर न्यावं का, आणि नेलंच तर काय करून घ्यावं

पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, हेरल्ड किंवा विलीज जीपचं इंजिन नव्याने बांधून झालं की पुढचा प्रश्न हमखास येतो: आता डायनोवर, म्हणजे इंजिनाची ओढ आणि ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, ट्यून करून घ्यावं का? याचं उत्तर गाडी कोणती यापेक्षा इंजिनात काय बदललंय यावर ठरतं.

कॅमशाफ्ट, हेड, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि सायलेन्सर मूळच्याच जातीचे असतील तर आमचं मत स्पष्ट आहे: डायनोचा खर्च वाचवा. त्या इंजिनाचं जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं छिद्र) किती, टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) किती, अ‍ॅडव्हान्स (वेग वाढताना ठिणगी किती अंश आधी सरकते) कुठे किती, हे कारखान्याने तेव्हाच इंजिन लोडवर चालवून ठरवलेलं आहे. आपल्याला फक्त त्या मापांवर परत यायचंय, आणि ते काम फिलर गेज, टायमिंग लाइट आणि व्हॅक्यूम गेजने घरच्या अंगणात होतं.

कॅम बदलला असेल, हेड फेस करून (खालचा पृष्ठभाग घासून) कॉम्प्रेशन वाढवलं असेल, एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर बसवले असतील किंवा दुसऱ्याच गाडीचा डिस्ट्रिब्युटर लावला असेल, तर पुस्तकातले आकडे त्या इंजिनाला लागू होत नाहीत. तिथे डायनो हवा. त्याशिवाय केलेलं ट्यूनिंग अंदाजपंचे असतं, आणि अंदाज चुकला की पिस्टन जातो.

अपेक्षाही जमिनीवर असू द्या. पद्मिनीचं १,०८९ सीसीचं इंजिन नवं असताना सुमारे ४० बीएचपीचं होतं, अ‍ॅम्बेसेडरचं १,४८९ सीसीचं सुमारे ५० चं. डायनो नवी ताकद निर्माण करत नाही. चुकीच्या जेटने आणि मागे पडलेल्या टायमिंगने वाया गेलेली ताकद तो परत मिळवून देतो. चालवणाऱ्याला खरा फरक जाणवतो तो कमाल ताकदीत नाही, तर १,८०० ते ३,००० आरपीएमच्या ओढीत, चौथ्या गियरमध्ये ट्रक ओलांडताना.

कोणता डायनो, आणि तो नेमकं काय मोजतो

डायनो टॉर्क मोजतो आणि ताकद त्यावरून गणिताने काढतो. न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम भागिले ९,५४९, म्हणजे किलोवॅट. ४,००० आरपीएमला ७० न्यूटन-मीटर टॉर्क असेल तर सुमारे २९ किलोवॅट, म्हणजे ३९ बीएचपी. रोलर डायनोवर हे सगळं चाकाशी मोजलं जातं. गिअरबॉक्स, डिफरन्शिअल आणि टायर मिळून साधारण १५ ते २० टक्के खातात, म्हणून ४० बीएचपीच्या धडधाकट इंजिनाने चाकाशी ३२-३४ दाखवले तर ते उत्तमच आहे. त्या आकड्याला काहीतरी टक्के लावून 'इंजिनची ताकद' म्हणून छापलेल्या कागदावर विसंबू नका. चाकाचा आकडा घ्या आणि आधी-नंतरची तुलना त्यावरच करा.

रोलर दोन प्रकारचे. पहिल्यात जड ड्रम असतो. गाडी त्याला फिरवते आणि ड्रमने वेग किती झपाट्याने घेतला त्यावरून टॉर्क काढतात. दुसऱ्यात रोलरला विद्युत-चुंबकीय ब्रेक असतो, त्यामुळे इंजिन २,५०० आरपीएमला, अर्ध्या थ्रॉटलवर, हवा तितका वेळ धरून ठेवता येतं. कार्ब्युरेटर आणि पॉइंटच्या (ठिणगीचा यांत्रिक स्विच) गाडीला हा दुसराच लागतो. नुसत्या ड्रमवर इंजिन काही सेकंदांत खालून वर पळून जातं, एका ठिकाणी थांबून टायमिंग दोन अंश पुढे-मागे करून बघता येत नाही. फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा: लोड धरून ठेवता येतो का?

रोलर डायनो असलेली ट्यूनिंगची गॅरेजेस पुणे, मुंबई, बंगळूर, कोइम्बतूर अशा ठिकाणी सापडतात. आमच्यासारखं नागपूरहून जायचं तर गाडी फ्लॅटबेडवर चढवून न्यावी. मुंबईकडे जाणारा समृद्धी महामार्गच ७०१ किलोमीटरचा आहे, आणि नव्याने बांधलेलं इंजिन एवढं अंतर एका दमात, एकाच वेगाने ओढायला लावणं बरोबर नाही. म्हणजे डायनोच्या भाड्यात जाण्या-येण्याची वाहतूक आणि एक मुक्काम धरूनच हिशोब करा. मूळ इंजिनासाठी नको म्हणतो त्याचं हेही एक कारण आहे.

आपलं ऊन आणि करेक्शनचा आकडा

डायनोच्या कागदावर कोपऱ्यात एक करेक्शन फॅक्टर छापलेला असतो. बरेच जण तो वाचतच नाहीत. एसएई जे१३४९ या पद्धतीत २५ अंश सेल्सिअस आणि ९९ किलोपास्कल कोरडी हवा हे प्रमाण मानतात, आणि मोजलेली ताकद त्या हवेला बदलून लिहितात. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे. मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशाला हा फॅक्टर साधारण १.०८ येतो, डिसेंबरच्या सकाळी १.०२ च्या आसपास. म्हणजे तीच गाडी, तेच ट्यूनिंग, आणि प्रत्यक्ष ताकदीत सुमारे ६ टक्क्यांचा फरक फक्त हवेमुळे. ४० बीएचपीला हे अडीच बीएचपी झाले. एक मोजणी थंडीत आणि दुसरी उन्हाळ्यात करून 'जेट बदलल्याने दोन घोडे वाढले' म्हणणं म्हणूनच निरर्थक आहे. डायनोचा तापमापक कुठे टांगलाय तेही बघा. तो बॉनेटजवळच्या गरम हवेत असेल तर दर १० अंशांमागे आकडा सुमारे २ टक्के फुगतो.

करेक्शनने कागद सुधारतो, मिश्रण नाही. हवा विरळ झाली की कार्ब्युरेटर आपोआप थोडा रिच (पेट्रोल जास्त) होतो आणि दाट झाली की लीन (पेट्रोल कमी). बंगळूर ९२० मीटरवर आहे. तिथे काटेकोर लावलेलं जेट तितक्याच तापमानाला नागपुरात साडेतीन टक्क्यांच्या आसपास लीन पडेल. पुणे ५६० मीटरवर, तिथून आणलेल्या गाडीला हा फरक दीड टक्क्याच्या आत राहतो. ट्यूनरला आधी सांगा की गाडी कमी उंचीवर चालणार आहे, आणि मुख्य जेट एक पायरी मोठं ठेवून घ्या.

मिश्रण थंडीत लावावं, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, कारण लीन होण्याचा धोका तेव्हाच जास्त असतो. टायमिंगचा धोका उलट्या बाजूचा आहे. नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून होणारी टणटण, नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हात) होतं. डिसेंबरात सापडलेलं सर्वोत्तम टायमिंग नागपूरच्या मेमध्ये चालायचं असेल तर त्यातून दोन अंश कमी करून ठेवा. जाणारी ताकद जाणवतही नाही.

ई२० ने बदललेलं गणित

मूळ इंजिनाला डायनो नको असं म्हटलं, पण एका बाबतीत कारखान्याचे आकडे आता खरोखरच जुने झालेत. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला साधारण १३.५ पट. त्याच जेटमधून तेवढंच इंधन आलं तर इंजिन सुमारे ८ टक्के लीन चालतं. पिकअप घेताना अडखळणं, हलक्या थ्रॉटलवर झटके, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जास्त तापणं, प्लगची टोकं पांढरी पडणं ही त्याचीच लक्षणं.

८ टक्के जास्त इंधन म्हणजे जेटच्या छिद्राचं क्षेत्रफळ ८ टक्के जास्त, म्हणजे व्यास ४ टक्के जास्त. सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरचे शंभरावे भाग दाखवतो. १२० म्हणजे १.२० मि.मी. त्याच्या जागी १२५ लावलं की हिशोब जमतो. आयडल जेटही त्याच प्रमाणात वाढवावं, नाहीतर सिग्नलवरून निघतानाचा अडखळा तसाच राहतो. एसयू कार्ब्युरेटरला जेटखालचा नट एका वेळी एक बाजू, म्हणजे सहावा फेरा, खाली घ्यायचा आणि गाडी चालवून बघायची. जेटला ड्रिल घालून मोठं करू नका. छिद्राची कड खराब झाली की आकड्याला अर्थ उरत नाही.

वाइडबँड मीटरवर (एक्झॉस्टवरून मिश्रण सांगणारा) हवा-पेट्रोलचं गुणोत्तर न वाचता लॅम्बडा वाचा. सेन्सरला इंधन कोणतं ते कळत नाही. तो लॅम्बडा मोजतो आणि त्याला १४.७ ने गुणून दाखवतो. लॅम्बडा १.०० म्हणजे बरोबर प्रमाण, त्याखाली रिच, वर लीन, मग पेट्रोलमध्ये इथेनॉल शून्य असो वा वीस टक्के. फुल थ्रॉटलला ०.८६ ते ०.९०, ताशी ६०-७० च्या संथ चालीला १.०० च्या आसपास, आयडलला ०.९२ ते ०.९८. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनासाठी हे आकडे सुरक्षित आहेत.

डायनोवर जाण्याआधी पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला, एसएई जे३०आर९ जातीच्या. पंपाचा डायफ्रॅमही बदला. कॉर्कचा फ्लोट असेल तर पितळेचा शोधा. पूर्ण लोडवर फुगलेली नळी फुटली की थेट गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल पडतं.

निघण्याआधी घरी करायची कामं

डायनोवरचा बहुतेक वाया जाणारा वेळ ट्यूनिंगमध्ये जात नाही, दुरुस्तीत जातो. भाडं तासावर चालू असताना पॉइंट घासणं आणि टॅपेट (वॉल्व्हची फट) सेट करणं परवडत नाही. म्हणून ही कामं इथेच संपवा.

सुरुवात कॉम्प्रेशनपासून. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. चार सिलिंडरमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्यात, तसाच राहिला तर वॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. लीकडाउन टेस्टर (सिलिंडरमधून हवा किती गळते ते दाखवणारा) मिळाला तर जास्त चांगलं: १० टक्क्यांच्या आत गळती ठीक, २० च्या वर असेल तर डायनोचा विचार सोडा आणि हेड उतरवा. भारतात शिसं घातलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं, आणि अ‍ॅम्बेसेडरच्या बीडाच्या हेडमध्ये कडक सीट बसवलेल्या नसतील तर एक्झॉस्ट वॉल्व्ह हळूहळू आत खचतात. टॅपेट वारंवार घट्ट होत असेल तर तेच कारण. तशा हेडला पूर्ण लोडवर तापवणं म्हणजे उरलेलं आयुष्य संपवणं.

टॅपेट: अ‍ॅम्बेसेडरच्या १,४८९ सीसी इंजिनाला ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मि.मी. इतर गाड्यांना हँडबुकातला आकडा, आणि तो गरम इंजिनाचा की थंड ते नीट बघून.

व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला लावा. समुद्रसपाटीला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) सांगतात, नागपूरच्या उंचीला त्यातून एक वजा करा. काटा स्थिर हवा. ठरावीक लयीत खाली टपटप पडत असेल तर एक वॉल्व्ह नीट बसत नाही. आकडा कमी पण स्थिर असेल तर टायमिंग मागे आहे किंवा कुठूनतरी हवा शिरतेय. थ्रॉटलच्या दांड्याला दोन्ही टोकांना स्प्रे मारून बघा. आरपीएम बदलला तर दांडा झिजलाय आणि त्यातून हवा जातेय. तो बुश करून घेतल्याशिवाय कोणतंही जेट बरोबर लागणार नाही.

डिस्ट्रिब्युटरवर मात्र सगळ्यात जास्त वेळ घाला. जुन्या गाडीतली हरवलेली ताकद बहुतेक वेळा इथेच सापडते, कार्ब्युरेटरमध्ये नाही. ल्युकसच्या चार सिलिंडर डिस्ट्रिब्युटरला पॉइंटचं अंतर ०.३५ ते ०.४० मि.मी., ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) ६० अंश, तीन अंश इकडे-तिकडे. आयडलपासून ३,००० आरपीएमपर्यंत नेताना ड्वेल तीन अंशांपेक्षा जास्त हलला तर शाफ्टचा बुश झिजलाय. प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वेगळ्या वेळी पडतेय आणि डायनोचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा येणार. मग टायमिंग लाइटने अ‍ॅडव्हान्स आरपीएमनुसार मोजा. व्हॅक्यूमची नळी काढून बंद करा, १,०००, १,५००, २,०००, २,५००, ३,०००, ३,५०० ला किती अंश दिसतात ते कागदावर उतरवा. वजनं गंजून अडकलेली असतील तर अ‍ॅडव्हान्स वाढतच नाही. ताणलेल्या किंवा डुप्लिकेट स्प्रिंगा असतील तर १,५०० लाच सगळा अ‍ॅडव्हान्स येऊन जातो आणि लोडवर नॉकिंग होतं. या इंजिनांना एकूण अ‍ॅडव्हान्स साधारण ३० ते ३४ अंशांत संपतो. व्हॅक्यूम डायफ्रॅम तोंडाने ओढून बघा, धरून राहिला पाहिजे.

या सगळ्याआधी पुलीवरची खूण खरी आहे का ते तपासा. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या छिद्रात पिस्टन-स्टॉप लावून इंजिन हाताने दोन्ही दिशांना हळू फिरवा. जिथे थांबतं तिथे खडूने खुणा करा, त्यांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी (पिस्टन सर्वांत वर असण्याची जागा). चुकीच्या खुणेवर मोजलेले सगळे अंश चुकीचे असतात.

पेट्रोल पुरवठा: ४० बीएचपीला पूर्ण लोडवर मिनिटाला साधारण २२५ मिली लागतं, ई२० असेल तर थोडं अधिक. कार्ब्युरेटरची नळी बाटलीत सोडा, इंजिन आयडलला चालू ठेवा (फ्लोटच्या भांड्यातल्या पेट्रोलवर तेवढा वेळ चालतं) आणि अर्ध्या मिनिटात पाव लिटर येतं का बघा. इंजिन गार असताना आणि मोकळ्या जागेतच. येत नसेल तर टाकीतली जाळी, नळी किंवा पंप. दाब ३ पीएसआयच्या वर गेला तर एसयूची नीडल वॉल्व्ह दाब धरत नाही आणि कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो.

इंजिन नवं बांधलेलं असेल तर किमान १,००० किलोमीटर चालवा, हेडचे नट पुन्हा टॉर्क करा, टॅपेट पुन्हा बघा, ऑइल बदला, मगच डायनो. नवा कॅम असेल तर पहिल्यांदा सुरू केल्यावर २० मिनिटं २,००० आरपीएमच्या आसपास ठेवा, आयडलला सोडू नका. कॅमला तेल उडून मिळतं, आणि ते आयडलला पुरत नाही.

टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचा. शेवटचे दोन आकडे वर्षाचे. सहा-सात वर्षांहून जुने टायर, विशेषतः क्रॉसप्लाय, रोलरवर नेऊ नका. चौथ्या गियरमध्ये ४,५०० आरपीएम म्हणजे रोलरवर ताशी ११५ ते १२५ होतात, आणि रोलरवर टायर रस्त्यापेक्षा जास्त तापतो.

सोबत काय न्यायचं

आजचे ट्यूनर लॅपटॉपवर तयार झालेले असतात. सोलेक्सचं जेट त्यांच्या कपाटात नसतं. म्हणून आपणच न्या: सध्याच्या आकड्याच्या खाली एक आणि वर तीन मुख्य जेट, दोन-तीन एअर करेक्शन जेट, एक आयडल जेट, एसयू असेल तर रिच बाजूच्या दोन नीडल, डिस्ट्रिब्युटरच्या हलक्या आणि कडक स्प्रिंगा, नवे पॉइंट, दोन कंडेन्सर, प्लगचा सेट, कार्ब्युरेटरची गॅसकेट, फॅनबेल्ट, इंजिन ऑइल. हे सगळं काम पान्याने करणारा, तुमची गाडी ओळखणारा मेकॅनिक सोबत असेल तर तासाचं काम खरंच तासात होतं.

एक्झॉस्टमध्ये लॅम्बडा सेन्सरसाठी एम१८ बाय १.५ चा नट इथूनच वेल्ड करून न्या, मॅनिफोल्डचे पाइप एकत्र येतात त्याच्या पुढे, आडव्यापेक्षा १० अंश तरी वर तोंड करून, म्हणजे सेन्सरमध्ये पाणी साचत नाही. सायलेन्सरच्या टोकाला खोचलेली नळी आयडलला बाहेरची हवा ओढते आणि खोटं लीन दाखवते.

रोलरवर

पट्टे मागच्या अ‍ॅक्सलच्या घराला बांधायचे, बंपरला किंवा गंजलेल्या बॉडीला नाही. ते जास्त आवळले की टायर रोलरवर दाबला जातो आणि ताकद कमी दिसते. दिवसभर पट्ट्यांचा ताण आणि टायरची हवा तीच राहिली पाहिजे. एअर फिल्टर काढू नका. अ‍ॅम्बेसेडरचा ऑइल-बाथ फिल्टर काढून ट्यून केलं आणि नंतर बसवला, तर मिश्रण रिच होऊन सगळी मेहनत फुकट जाते. रेडिएटरसमोर मोठा ब्लोअर हवा. छोटा घरगुती पंखा पुरत नाही.

गियर चौथा (तीन गियरच्या विलीज जीपला तिसरा), कारण तो या गाड्यांत थेट एकास एक आहे. इंजिन पूर्ण तापल्यावर, ऑइल ८० अंशांच्या आसपास असताना, काहीही न बदलता तीन वेळा मोजणी घ्या. तिन्ही आकडे दोन टक्क्यांच्या आत जुळले तरच पुढे जायचं. कमाल आरपीएमची मर्यादा आधीच सांगून ठेवा. अ‍ॅम्बेसेडरचं मूळ इंजिन ४,२०० ला कमाल ताकद देतं, त्याला ४,५०० च्या वर नेऊन काही मिळत नाही.

पहिली मोजणी मुद्दाम रिच जेटवर. लॅम्बडा ०.८० दिसला तरी चालेल, तिथून एकेक जेट खाली या. उलट्या बाजूने, लीनकडून येऊ नका. मध्यावर बरोबर आणि वर ३,८०० नंतर रिच होत असेल तर एअर करेक्शन जेट मोठं. वर लीन होत असेल तर आधी फ्लोटची पातळी आणि पंप बघा, जेट नंतर.

मिश्रण जवळ आल्यावर टायमिंग. लोड धरून २,००० ला थांबा, डिस्ट्रिब्युटर दोन अंश पुढे करा, टॉर्क बघा. वाढला तर आणखी दोन. जिथे वाढणं थांबेल तिथून दोन अंश मागे. हेच २,५००, ३,०००, ३,५०० ला. प्रत्येक ठिकाणी १५-२० सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका, मध्ये थंड होऊ द्या. टणटण ऐकू आली की तत्क्षणी थ्रॉटल सोडा. चार ठिकाणचे अंश मिळाले की इंजिनाला हवा असलेला अ‍ॅडव्हान्सचा वक्र हातात येतो, आणि घरून आणलेल्या कागदाशी ताडून बघता येतो. फरक मोठा असेल तर स्प्रिंग बदला किंवा अ‍ॅडव्हान्सचा स्टॉप घासा. हे काम डायनोशिवाय नीट होत नाही, आणि बदललेल्या इंजिनासाठी एवढ्या लांब जायचं ते मुख्यतः यासाठीच. टायमिंग बदलल्यावर मिश्रण एकदा परत तपासा.

शेवटी अर्ध्या तासाचा वेळ हलक्या थ्रॉटलसाठी राखून ठेवा. ताशी ६० आणि ८० ला सपाट रस्त्याइतका लोड धरून लॅम्बडा बघा. गाडीचं बहुतेक आयुष्य तिथेच जातं, पण कमाल आकड्याच्या नादात हा भाग राहून जातो.

कागद वाचताना

टॉर्कची रेघ आधी बघा. करवतीसारखी असेल तर ठिणगी: कंडेन्सर, प्लग, डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट. वर जाताना ताकद पडते आणि लॅम्बडाही लीन होतो तर पेट्रोलचा पुरवठा कमी पडतोय. ताकद पडते आणि लॅम्बडा रिच होतो तर फिल्टर किंवा चोकची पाकळी. लॅम्बडा ठीक असून ताकद एकदम तुटते तर वॉल्व्हच्या स्प्रिंगा दमल्यात किंवा अ‍ॅडव्हान्स पुरत नाही. आलेखावर स्मूदिंग किती लावलंय ते विचारा. जास्त स्मूदिंगमध्ये मिसफायर झाकला जातो.

मूळ इंजिन, आणि डायनोशिवाय

वाइडबँड सेन्सर वरच्यासारखाच बसवा. पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत, आउटर रिंग रोडवर एक सपाट तुकडा ठरवा. तिसऱ्या गियरमध्ये ताशी ४० ते ७० पूर्ण थ्रॉटल, शेजारच्याने घड्याळ आणि मीटर वाचायचं, चालवणाऱ्याने फक्त रस्ता बघायचा. दोन्ही दिशांना तीन-तीन वेळा, म्हणजे वारा आणि उतार बाद होतो. पद्मिनी दोन माणसांसह सुमारे १,०५० किलो धरली आणि ९ सेकंद लागले, तर वेग वाढवण्यासाठी सरासरी २० बीएचपी वापरले गेले असं गणित येतं. इथे एक सेकंद म्हणजे सुमारे ११ टक्के, त्यामुळे अर्ध्या सेकंदाचा फरकही अर्थपूर्ण आहे. नागपूर सपाट आहे, सलग लोड हवा असेल तर रामटेकच्या गडाची चढण बरी. नॉकिंग तिथे ऐकू येतं.

आयडलच्या मिश्रणासाठी पीयूसीचं मशीन वापरा. भारत स्टेज निकषांआधीच्या पेट्रोल चारचाकीला मर्यादा ३ टक्के सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि १,५०० पीपीएम एचसी (न जळलेलं पेट्रोल) आहे. गाडी गरम करून जा आणि २ ते २.५ टक्के सीओवर स्क्रू ठेवा. सीओ कमी पण एचसी खूप जास्त असेल तर मिश्रण लीन होऊन मिसफायर होतोय, स्क्रू आणखी आवळू नका.

गाडी ५० वर्षांपुढची असेल आणि २०२१ च्या नियमांखाली 'व्हीए' मालिकेत विंटेज नोंदणी करायची असेल तर इंजिनात मोठे बदल करण्याआधी थांबा. त्या नोंदणीसाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. जेट आणि स्प्रिंगा परत मूळ करता येतात, फेस केलेलं हेड नाही.

डायनो झाला किंवा रस्त्यावरचं ट्यूनिंग झालं की मुख्य जेट, एअर जेट, आयडल जेट, नीडलचा क्रमांक, फ्लोटची पातळी, स्प्रिंगांची जात, आयडलचं आणि ३,५०० चं टायमिंग, त्या दिवशीचं तापमान आणि पेट्रोल हे सगळं एका कागदावर लिहून बॉनेटच्या आतून चिकटवा. ५०० किलोमीटरनंतर पॉइंट आणि टायमिंग परत बघा. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला झिजते, अंतर कमी होतं आणि टायमिंग मागे सरकतं.